ऊर भरून येऊन राह्यला

जहाजावर पाऊल ठेवून पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच सातव्या मजल्याच्या कठड्याशी उभं राहून वच्छलाबाईंनी हाक मारली, "ओ हेमराज! अठी संडास कोठी हाय रे बाबू?"

हाक वरच्या पोहण्याच्या तलावापर्यंत गेली आणि खालच्या स्वागतकक्षापर्यंतही. सरबताचे पेले घेऊन उभी असलेली माणसं वळून पाहू लागली. त्यांत हेमराजच्या कंपनीच्या प्रमुख नंदिता सरन होत्या. त्या हसल्या. चांगल्या मनानंच हसल्या, पण हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वच्छलाबाईंच्या आवाजाला कारण होतं. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, त्यांनी बावीस वर्षं काढली होती. तिथं चोवीस यंत्रं एका ओळीत धडधडत असत. शेजारणीकडे पाणी मागायचं तरी पोटापासून ओरडावं लागे. काम सुटलं, आवाज राहिला. रुईच्या बारीक तंतूंनी दिलेला कोरडा खोकलाही राहिला. नवरा लवकर गेला. त्या कामावर आणि त्या आवाजावर त्यांनी एकट्यानं मुलाला वाढवलं, शिकवलं, अभियंता केलं.

हे सगळं हेमराज ढोमणे कोणाला सांगत नसे. पुण्यात आल्यापासून वीस वर्षांत त्यानं आपल्या तोंडातलं 'मले-तुले' असं घासून काढलं होतं, की त्याची बायको केतकी हिनंही ते कधी ऐकलं नव्हतं. दहा वर्षांच्या जुईला तर आपले बाबा जन्मतःच पुणेकर आहेत असं वाटे.

या सफरीलाही कारण होतं. कंपनीनं तयार केलेला 'कानमणी', म्हणजे कानात घालायचा दुभाषा मणी, या जहाजावर पहिल्यांदाच सगळ्या प्रवाशांना मिळणार होता. तो बनवणाऱ्यांना कुटुंबासह मुंबई ते लक्षद्वीप असा सात दिवसांचा प्रवास बक्षीस म्हणून मिळाला होता. जुई हट्टाला पेटली की आजी आली तरच मी येईन, म्हणून वच्छलाबाई आल्या होत्या.

खोलीत सामान लावून झाल्यावर हेमराजनं आईच्या हातावर दोन मणी ठेवले. ज्वारीच्या दाण्याएवढे होते.

"हे कानात घालायचे, आई. मग समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, तुला तुझ्या भाषेत ऐकू येईल. आणि तू बोलशील ते त्याला त्याच्या."

"आन् त्याचा खरा आवाज कोठी जाते?"

प्रश्न सरळ होता आणि मर्माचा होता. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. लाटेला चढ असतो, उतार असतो. कानमणी बाहेरून येणारी लाट ओळखतो आणि तिच्या नेमकी उलटी लाट कानात सोडतो, म्हणजे तिच्या चढावर याचा उतार. चढ आणि उतार एकमेकांना भिडले की दोन्ही संपतात, आणि कानाला काहीच ऐकू येत नाही. बोलणाऱ्याचा खरा आवाज असा पुसून झाला की त्या जागी मणी नवं वाक्य म्हणतो. बोलणाऱ्याचा गळा त्यानं आधीच शिकून घेतलेला असतो, त्यामुळे आवाज त्याच माणसाचा वाटतो. फरक एवढाच, की ओठ आधी हलतात आणि शब्द किंचित मागून येतात.

हेमराजनं हे सोपं करून सांगितलं. वच्छलाबाईंनी मणी उजेडात धरून पाहिला.

"म्हंजे तुमचं बी जिनिंगच हाय. इकून कापूस टाकाचा, तिकून रुई काढाची. सरकीचं काय करता?"

"सरकी टाकून देतो, आई. तिचं काय काम?"

"लेका, सरकीच तं पेरा लागते," असं म्हणून त्यांनी मणी कानात घातले.

मण्याच्या तीन पातळ्या होत्या. पहिली 'जसंच्या तसं', दुसरी 'साधं' आणि तिसरी 'मृदू'. तिसरी हेमराजची स्वतःची करामत होती. या पातळीवर यंत्र माणसाचा खोकला, धाप, अडखळणं काढून टाकी, चढलेला आवाज खाली आणी, रांगडा शब्द प्रमाण भाषेत बसवी आणि तक्रारीची धार बोथट करी. 'लवकर' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'सवडीनं' ऐकू येई. अर्थाबद्दल शंका आली, तर दोन अर्थांतला जो गोड असेल तो यंत्र उचली. हॉटेलवाल्यांना ही पातळी भलतीच आवडली होती.

पहिल्या दोन पातळ्यांवर आणखी एक सोय होती. कोणी छातीत दुखतंय, चक्कर येतेय असं काही बोललं, की जहाजाच्या दवाखान्यात घंटा वाजे. 'मृदू'वर ती सोय हेमराजनंच बंद केली होती. कारणही तसं खोटं नव्हतं. आपली माणसं नुसत्या बोलण्यात भुकेनं मरतात, उकाड्यानं त्यांचा जीव जातो, पोरांपायी त्यांचं डोकं फुटतं. चाचणीच्या वेळी घंटा थांबायचं नावच घेईना.

प्रत्येकानं आपल्या बोलण्याची पातळी आपण निवडायची होती. म्हाताऱ्या माणसांची घरच्यांनी निवडली तरी चालत होती. आई हातपाय धुवायला गेली, तेव्हा हेमराजनं फोनवर तिच्या नावापुढे 'मृदू'वर बोट ठेवलं. स्वतःच्या कानातले मणीही त्यानं काढले नाहीत. ती लोकांना कशी ऐकू येते, हे त्याला बघायचं होतं.

जेवणाच्या टेबलावर आईचे ओठ 'हे वरण हाय का हात धुतलेलं पानी' असे हलले आणि कानात आलं, "वरणाची ही पद्धत आमच्याकडे नसते." नंदिता सरन कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या आई किती हळुवार बोलतात!"

"आईंचा आवाज आज वेगळाच येतोय," केतकी म्हणाली.

"तिनंच ती पातळी मागितली," हेमराज म्हणाला. वीस वर्षांत आईबरोबर चारचौघांत बसून त्याला इतकं सुखाचं जेवण मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाच्या पुढच्या टोकाशी डॉल्फिन दिसू लागले. जुई आजीचा हात धरून तिला ओढतच घेऊन गेली. लांबलचक गच्ची, त्यात जिना, त्यात वारा. कठड्याशी गर्दी होती, कंपनीचा छायाचित्रकार चित्रण करत होता. वच्छलाबाईंनी एक हात कठड्यावर ठेवला आणि दुसरा छातीवर. त्या नंदिता सरनकडे वळून काहीतरी म्हणाल्या. हेमराजच्या कानात शब्द आले, "माझा ऊर भरून आला आहे. अंगावर शहारे येत आहेत. तुमच्याजवळ जरा बसू का?"

नंदिता सरन यांचे डोळे पाणावले. त्यांनी वच्छलाबाईंना मिठी मारली, बाकावर शेजारी बसवून घेतलं. छायाचित्रकारानं सगळं टिपलं.

हेमराजला क्षणभर काहीतरी खटकलं. हे वाक्य त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. पण तेवढ्यात नंदिता सरननी त्याला खुणेनं जवळ बोलावलं, आणि ती चुटपुट तिथंच राहिली.

थोड्या वेळानं वच्छलाबाईंनी नंदिता सरन यांच्या गळ्यातल्या जाड चामडी पट्ट्याच्या दागिन्याकडे पाहून आणखी काही म्हटलं. कानात आलं, "तुमच्या गळ्यातला दागिना शोभून दिसतो."

"थँक यू, माँजी."

वच्छलाबाई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी हेमराजकडे पाहिलं आणि पाण्याकडे तोंड वळवलं.

संध्याकाळी जिन्यात त्या त्याला भेटल्या. कठडा धरून उभ्या होत्या. हेमराज घाईत होता. सहाला कंपनीच्या लोकांची बैठक होती. आईचे ओठ हलले, शब्द मागून आले, शांत, एका लयीत. "आज जरा थकल्यासारखं वाटतंय. डॉक्टरांना सवडीनं विचारू या."

"विचारू ना," तो म्हणाला. "तू लिफ्टनं जा आणि पड जरा."

तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला.

तिसऱ्या दिवशी जहाजावरच्या सगळ्या पडद्यांवर वच्छलाबाई झळकू लागल्या. छातीवर हात, मागे निळं पाणी आणि खाली सहा भाषांत ते वाक्य, 'माझा ऊर भरून आला आहे'. अनोळखी माणसं येऊन हेमराजशी हस्तांदोलन करत होती. जेवणाच्या वेळी आईनं पान तसंच ठेवलं.

"बाबा, आजी दर चार पावलांना थांबते," जुई म्हणाली.

"जहाज हलतं ना. तिला सवय नाही."

दुपारी चारच्या सुमारास खोलीबाहेरच्या बोळात वच्छलाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. जुईनं धावत येऊन सांगितलं. तोवर त्यांचे ओठ निळसर पडले होते आणि कपाळावर घामाचे थेंब होते.

जहाजाच्या डॉक्टर कुरियन या पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी वच्छलाबाईंच्या छातीला तारा लावल्या, आलेखाची पट्टी पाहिली आणि नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. वच्छलाबाईंना बोलता येत नव्हतं. जुईला एका परिचारिकेनं बाहेर नेलं. केतकी पायथ्याशी उभी राहिली. नंदिता सरन धावत आल्या होत्या, त्या दाराशी थांबल्या.

"हृदयविकाराचा झटका आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्रास केव्हा सुरू झाला?"

"आजच. जेवणानंतर. दोन वाजता असेल."

"नक्की? नीट आठवून सांगा." त्या औषधाचं कपाट उघडत होत्या. "हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणारी एक वाट गुठळीनं बुजली आहे. शेताचा पाट बुजला की पुढचं पीक वाळायला लागतं, तसा पुढचा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवायचं औषध माझ्याकडे आहे. पहिल्या बारा तासांत दिलं तर स्नायू वाचतो. फार उशिरा दिलं तर वाचायचं काही उरलेलं नसतं, उलट मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, मेलेला स्नायू फाटू शकतो. म्हणून विचारते. दोन वाजता ना?"

त्यांच्या हातात सुई होती. हेमराजच्या तोंडून 'हो' जवळजवळ निघालंच होतं. 'हो' म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं.

"थांबा," तो म्हणाला. "मला माहीत नाही."

"तुम्ही तीन दिवस त्यांच्याबरोबर आहात."

"आहे. पण तिचं बोलणं मी ऐकलेलं नाही. तिच्यावर 'मृदू' पातळी लावली होती. मी लावली होती. त्यात धाप ऐकू येत नाही. दुखणंही ऐकू येत नाही." त्यानं खिशातून फोन काढला. "मूळ आवाज साठवलेला असतो. माझ्याकडे किल्ली आहे."

"मग लावा."

"इथं?"

"इथंच," डॉक्टर म्हणाल्या. हेमराजनं भिंतीवरच्या ध्वनिवर्धकाला आपला फोन जोडला. मण्यांनी हा आवाज बदलू नये म्हणून सगळ्यांनी मणी काढले. डॉक्टर कुरियनना मराठी येत नव्हतं, तेव्हा प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगायचं काम त्याच्याकडेच आलं.

त्यानं आधी आदल्या संध्याकाळचा जिना लावला. खोलीभर धापेचा आवाज भरला. भात्यासारखी वर-खाली होणारी, मध्येच खोकल्यात अडकणारी धाप. तिच्यातून एकेक शब्द वर येत होता. "हेमराज... मले... बरं नाई वाटून राह्यलं. डाक्टरले... लवकर बलाव बाबू." आणि त्यामागून त्याचा स्वतःचा ताजातवाना आवाज आला, "विचारू ना. तू लिफ्टनं जा आणि पड जरा."

केतकीनं हातातले मणी हळूच औषधांच्या थाळीत ठेवले. "त्यांनीच ती पातळी मागितली, असं तू मला सांगितलंस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

"त्याच्या आधी," डॉक्टर म्हणाल्या.

तो मागे मागे जात राहिला. आदल्या दिवशीची दुपार. आई खोलीत एकटीच कण्हत होती. त्याआधी गच्ची, वारा, जुईचं खिदळणं. घड्याळात दहा वाजून सतरा मिनिटं.

"बाई, माहा ऊर भरून येऊन राह्यला. डाव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. मले बसाले जागा देता का?"

आता त्याला आठवलं, हे वाक्य आपण कुठं ऐकलं होतं. बाहेर त्याचा अर्थ मन उचंबळून येणं असा असेल. त्यांच्या वस्तीत ऊर भरणं म्हणजे छाती दाटणं, श्वास न पुरणं. जिनिंगची पाळी सुटली की बाया ओट्यावर टेकत आणि हेच म्हणत. लहानपणी हे कानावर पडलं की तो न सांगता पाण्याचा तांब्या आणून देत असे. यंत्रानं दोन अर्थांतला गोड अर्थ उचलला होता. मुंग्यांचे शहारे केले होते. यंत्राचं एक वेळ ठीक आहे, त्याला कोण शिकवणार? पण ज्याला ठाऊक होतं तो दोन हातांवर उभा होता आणि त्यानं कानाडोळा केला होता.

त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. दाराशी नंदिता सरन यांनी भिंतीचा आधार घेतला. बाहेरच्या बोळातल्या पडद्यावर त्या वाक्याची सहा भाषांतली ओळ अजून फिरत होती. त्या गेल्या आणि थोड्या वेळानं पडदा काळा झाला.

ध्वनिमुद्रण चालूच राहिलं होतं. वच्छलाबाईंचा आवाज पुन्हा आला, "असा पट्टा तं आमच्या वस्तीतल्या कुत्र्याच्या गळ्यात बी हाय." मग "थँक यू, माँजी." मग बराच वेळ नुसता वारा. मग अगदी हळू, स्वतःशीच, "असं हाय तं."

हे वाक्य भाषांतर करून मागायची डॉक्टरांना गरज नव्हती. हेमराजनंही केलं नाही.

"दहा सतरा. म्हणजे तीस तास होत आले," डॉक्टर कुरियन म्हणाल्या आणि त्यांनी सुई कपाटात परत ठेवली. "आता हे औषध देता येणार नाही. काल सकाळी दिलं असतं." त्यांनी दुसरी औषधं सुरू केली आणि कप्तानाला फोन लावला. जहाज कोचीकडे वळलं.

वच्छलाबाई वाचल्या. कोचीच्या रुग्णालयात पाचव्या दिवशी त्यांना उशीला टेकून बसता येऊ लागलं. हृदयाचा पुढचा बराचसा भाग मात्र कायमचा गेला होता. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातलं निम्म्याहून जास्त रक्त पुढे ढकलतं. त्यांचं जेमतेम तीस टक्के ढकलत होतं. पायऱ्या बंद, ओझं बंद. मोठ्यानं हाक मारण्याइतका दमही आता उरला नव्हता. वीस वर्षं जो आवाज जरा खाली यावा असं हेमराजला वाटत होतं, तो आता खाली आला होता, आणि त्यांचं ऐकायला त्याला पलंगावर वाकावं लागत होतं.

कानमणी त्यानं बॅगेत टाकून दिले होते. डॉक्टर आल्या की तो मधे उभा राही. आईची वऱ्हाडी त्यांना इंग्रजीत आणि त्यांचं इंग्रजी आईला वऱ्हाडीत सांगे. सुरुवातीला त्याची जीभ अडखळे. 'घेरी'ला आपल्याकडे काय म्हणतात ते त्याला आठवेना, तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, "भवंड. हे बी इसरला का?"

त्या दिवशी तरुण हृदयरोगतज्ज्ञ बाई हातात कागद घेऊन आल्या. "एक माहिती लिहायची राहिली आहे. दुखणं सुरू झाल्यापासून तीस तास उशीर का झाला? आजींनाच विचारा."

हेमराजनं विचारलं. वच्छलाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"सांग तिले, मीच कोनाले सांगतलं नाई. पोरायनं पयल्यांदा फिराले आनलं, त्यायच्या मजेत कायले माती कालवा, म्हनून दाबून ठेवलं."

डॉक्टर पेन घेऊन थांबल्या होत्या. हेमराजला फक्त भाषांतर करायचं होतं. शब्दाला शब्द ठेवला असता तर त्यात कोणालाही चूक काढता आली नसती, आणि ते साफ खोटं झालं असतं.

तो इंग्रजीत बोलू लागला. चार-पाच वाक्यं झाली. मधे एकदा थांबला, पुन्हा बोलला. डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या, त्याच्याकडे न पाहता मान हलवली आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

"मी येवढं लंबं नोतं म्हनलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "काय काय टाकलं त्यात?"

शेजारच्या पलंगाजवळ माणसं बसली होती. हेमराजनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"तुनं मले सांगतलं व्हतं, माय. लवकर बलाव म्हनलं व्हतं. मले तुह्या बोलन्याची लाज वाटे, म्हनून ते मशीन लावलं व्हतं. तेच सांगतलं तिले."

वच्छलाबाईंनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"त्या बाईले कुत्र्याचा पट्टा म्हनलं आन् ते थँक्यू म्हने, तवाच मले समजलं."

"मंग मले हालवून काहून नाई सांगतलं?"

"कोनाले सांगू? तुह्या कानात बी तेच व्हतं ना."

त्यानं मान खाली घातली. पलंगाची कड त्यानं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. वच्छलाबाईंनी त्या बोटांवर हात ठेवला नाही. थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, "डाक्टरले इंग्रजीत सांगनं सोपं हाय. माह्यापाशी बी सोपं हाय, मी माय हाय. भाईर पोरगी बसली हाय. पाच दिवस झाले, जेवून नाई राह्यली. तिले वाटते, तिनं मले मासे पाह्याले ओढत नेलं म्हनून हे झालं. केतकी समजावून थकली. आता तू जा. अशाच बोलीत सांग, गोड नोको करू."

हेमराज उठला. दारापाशी जाईपर्यंत आपण हे पुण्याच्या मराठीत कसं मांडू, याची जुळवाजुळव त्याच्या मनात आपोआप सुरू झाली होती. 'आजीची तब्येत आधीपासूनच जरा', 'कोणाचीच चूक नसते बघ'. वाक्यं कशी गुळगुळीत येत होती. त्यानं दार उघडलं.

जुई बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्याशेजारी डब्यातली इडली तशीच होती. तो तिच्याजवळ टेकला.

"जुई, आजीले तुह्यामुळं काईच झालं नाई. जे झालं ते माह्यामुळं झालं."

जुईनं गुडघ्यांवरचं डोकं उचललं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "बाबा, तू असा का बोलतोयस?"

"आयक," हेमराज म्हणाला, आणि आईनं जहाजावर मारलेल्या पहिल्या हाकेपासून सांगू लागला.